तिसरा रकाना

१

दुपारी दोनला टीपीआर. म्हणजे प्रत्येक पेशंटचा ताप, नाडी आणि श्वास बघायचा आणि पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेल्या चार्टवर तीन रकान्यांत तीन आकडे लिहायचे. ऐकायला किती सोपं! परळच्या एका जुन्या हॉस्पिटलात, बायकांच्या मेडिकल वॉर्डात प्रिती सकपाळ हे काम दोन वर्षं करत होती. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती ती. शिकाऊ, पण नुसती नावाला. पलंग तीस, पेशंट बेचाळीस, वरचे बारा जमिनीवर गाद्या टाकून, आणि एवढ्यांना मिळून एक स्टाफ सिस्टर आणि दोन स्टुडंट. शिकायला वेळ कोणाला होता?

कॉलेजात ट्यूटर मॅडम मात्र फार सुंदर शिकवायच्या. "नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. पेशंटला वाटू दे की नाडीच बघतेय. त्याचा हात अलगद त्याच्याच छातीवर ठेवा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मोजताय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो." पोरींनी ते वहीत उतरवलं, परीक्षेत लिहिलं आणि मार्क घेतले. बेचाळीस पेशंटांची बेचाळीस मिनिटं कुठून आणायची, ते काही मॅडमनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

ते वॉर्डात सांगितलं मनवाने. मनवा एक वर्ष पुढे, बोलायला फटकळ. "ताप घे, नाडी पंधरा सेकंद बघून चारने गुण, आणि श्वास वीस लिही. चोवीसच्या वर लिहिलंस की डॉक्टर विचारत बसतो. तेवीस, सत्तावीस असलं काही लिहिलंस तर मॅडमच म्हणतात, खरंच मोजलंस का? वीस लिहिलं की कोणी काही विचारत नाही बघ."

पहिला आठवडा प्रितीला लाज वाटली. मग सवय झाली. आणि या वर्षी पहिल्या वर्षाच्या पोरी आल्या, त्यातली दादरची ती स्पृहा, वहीला कव्हर घालून आणणारी, रडवेली होऊन म्हणाली, "दीदी, श्वास मोजायला वेळच उरत नाही हो. काय करू?" तेव्हा प्रिती हसली होती. "अगं, वीस लिही. सगळेच लिहितात."

दोन्ही मेडिकल वॉर्डांना, बायकांच्या आणि शेजारच्या पुरुषांच्या, माणसं कमी म्हणून इन्चार्ज एकच होती, नलू सिस्टर. निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. तिची एक खोड पोरींच्या थट्टेचा विषय होती. पेशंटजवळ गेली की ती त्याच्या बोटांची नखं बघायची. तोंडाकडे बघायची, पायांची सूज दाबून बघायची. छातीकडे मात्र तिची नजर कधी जायची नाही.

२

सतरा नंबरला जाईबाई होती. वरळी कोळीवाड्याची, साठीच्या पुढची, हृदय थकलेलं आणि पाय सुजून खांबासारखे झालेले. आवाज मात्र बाजारात बसून कमावलेला. प्रितीने मनगट धरलं की म्हणायची, "मोजतंस काय गो बाय? जास्ती मोजू नको हां, संपंल!" आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसायची. अख्ख्या वॉर्डात प्रितीला नावाने हाक मारणारी ती एकटीच.

त्या मंगळवारी ती हसली नाही. "बाय, आज दम लय लागतंय गो."

प्रितीने मनगट धरलं. पंधरा सेकंद, गुणिले चार. पलीकडे गादीवरच्या बाईचं सलाईन संपून नळीत रक्त चढत होतं, तिचा नवरा ओरडत होता, आणि स्टाफ सिस्टर औषधं आणायला खाली गेली होती. "डॉक्टर येतायत ना आता, सांगते हं त्यांना," प्रिती म्हणाली. मनापासून म्हणाली. मग तिसऱ्या रकान्यात वीस लिहिलं आणि सलाईनकडे धावली.

अडीचला हाऊसमन, म्हणजे वॉर्डाचे निवासी डॉक्टर, वैभव सर आले. जाईबाईला ग्लानी होती. त्यांनी चार्ट उचलला, खालपर्यंत नजर टाकली. "श्वास वीस. ठीक आहे," म्हणाले आणि अठरा नंबरकडे वळले. दम लागतोय हे सांगायचं प्रितीच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी भांडी उचलणाऱ्या मावशीने हाक मारली. मग धावाधाव, छाती दाबणं, सुई, सगळं. चारच्या आत सगळं आटोपलं.

शेवटचं प्रितीनेच केलं. अंग पुसलं, नाकात कापूस घातला, पायाचे अंगठे बांधले. जाईबाईची मुलगी आली, तिने प्रितीचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. "आई रोज नाव घ्यायची हो तुमचं. लय केलंत तुम्ही." प्रितीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

नलू सिस्टरने चार्ट बघितला. "दोनचं टीपीआर भरलंय? मग झालं." कोणी रागावलं नाही, कोणी विचारलं नाही. त्या वीसने सगळ्यांनाच वाचवलं होतं, फक्त जाईबाई तेवढी राहिली. कोणी एक कानाखाली दिली असती तर प्रितीला रात्री झोप तरी लागली असती.

३

दुसऱ्या दिवशी प्रितीने ठरवलं, आजपासून मोजायचं. पूर्ण मिनिट. उशीर झाला तर होऊ दे, बोलणी बसली तर बसू देत.

एक नंबर. मनगट धरलं, हात छातीवर ठेवला, घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे डोळे लावले. वीस. बरं वाटलं तिला. म्हणजे माणसं खरंच वीस श्वास घेतात तर! दोन नंबर, वीस. तीन नंबरची म्हातारी घोरत होती, तीही वीस. चारला आल्यावर तिच्या कपाळावर आठी पडली. सहापर्यंत सगळ्या वीसच.

नऊ नंबरला न्युमोनियाची पोरगी होती. दारातून दिसत होतं, नाकपुड्या फुलतायत, गळ्याखाली खड्डा पडतोय. प्रिती जवळ गेली, तिने घड्याळ वर धरलं, आणि पोरगी शांत झाली. तीन सेकंदांना एक श्वास, मग पुढचा तीन सेकंदांनी. वर्गात मॅडम आल्यावर मुलं सरळ बसतात तशी ती छाती ओळीत आली.

घड्याळ बिघडलं असेल. तिने मोबाईलवर वेळ लावली. वीस. पोरीला कळत असेल आपण मोजतोय ते. मग प्रितीने पाठ फिरवली, स्टीलचा ट्रे पुसल्यासारखं करत त्यात बघून मोजलं. वीसच. आणि मोजता मोजता तिच्या लक्षात आलं की वॉर्डात आवाज कमी झालाय. खोकणं, कण्हणं, सगळं खाली गेलंय आणि उरलाय तो एकच आवाज. बेचाळीस बायका एका वेळी आत ओढत होत्या, एका वेळी सोडत होत्या. तिने घड्याळ खिशात टाकलं. लगेच कोणीतरी खोकलं, कोणीतरी पाणी मागितलं, आणि वॉर्ड नेहमीसारखा झाला.

"मनवा, इकडे ये ना. हिचा श्वास मोज."

"वेड लागलंय का तुला? वीस लिही."

"मोज, तुला माझी शपथ आहे."

पलंगाच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहिल्या. एक मिनिट झालं. मनवाचा चेहरा उतरला. "चौतीस! बापरे, सरांना बोलवायला हवं." ती धावत गेली. प्रितीच्या ओठांवर वीस तसंच राहिलं होतं.

झोप नाही, खाणं नाही, डोक्यात तेच तेच बसलंय, तिने स्वतःला समजावलं. नर्सला होतं असं. पण मान वळवली तर नलू सिस्टर मागे उभी होती, कधीची कोण जाणे.

"किती येतात तुला?" तिने हळूच विचारलं.

"वीस."

 नलू सिस्टरने प्रितीच्या टोपीतली निसटलेली पिन नीट खोचली. "नखं बघत जा. छातीकडे बघू नकोस," म्हणाली आणि औषधांच्या कपाटाकडे निघून गेली.

४

कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर सरावाची खोली होती. तिथे पलंगावर एक रबराची बाई होती. हिच्यावर सुई टोचायची, नळी घालायची, हिला आंघोळ घालायची. पोरींनी नाव ठेवलं होतं सुलूताई. आतून पोकळ, छाती कडक, हात कोपरात वाकणारे.

जेवणाच्या सुट्टीत प्रिती किल्ली मागून वर गेली. मनात एकच विचार होता. जे श्वासच घेत नाही ते आपल्यासमोर कसं वीस घेईल? एकदा शून्य मोजलं की डोकं ताळ्यावर येईल.

खोलीत पंखा बंद होता. खिडक्या बंद, बाहेर टॉवरचं काम चाललेलं, तेही जेवायला थांबलेलं. रबराचा आणि स्पिरिटचा वास कोंडला होता. सुलूताई गळ्यापर्यंत चादर घेऊन भिंतीकडे तोंड करून होती. कुशीवर वळवायचा सराव झाल्यावर पोरी तिला तशीच टाकून जातात, त्यात नवल काही नव्हतं. जाईबाईही दुपारी अशीच भिंतीकडे तोंड करायची, हे प्रितीला तेव्हाच का आठवावं?

तिने तिला उताणं केलं. मनगट धरलं. गार, गुळगुळीत. हात उचलून चादरीवरून छातीवर ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं.

पंधरा सेकंद काही नाही. प्रितीला हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं. काय मूर्ख आपण! चला, पूर्ण मिनिट करून टाकू. तिने काटा बारावर येऊ दिला आणि मनातल्या मनात म्हटलं, एक.

चादर वर आली.

खाली गेली.  चादरीची घडी उलगडत असेल. चादर पुन्हा वर आली. दोन. खिडकीच्या फटीतून वारा येत असेल. तीन. वारा असता तर पडदा हलला असता. तिच्या हाताखालचं ते मनगट अजूनही गारच होतं, त्यात नाडीबिडी काही नव्हती, आणि तरी छातीवरचा तो रबरी हात तिच्या डोळ्यांदेखत वर जात होता, खाली येत होता. तिला मोजणं थांबवता आलं नाही. वीस झाले, काटा बारावर आला, तिने मोजायचं सोडलं, तेव्हा चादर निश्चल पडून होती.

किल्ली तिने दारालाच ठेवली. ट्यूटर मॅडम जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "सराव झाला? शाबास." मॅडमना सांगायचं तरी काय होतं?

५

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर सकपाळांची खोली. बाप भिवा. गिरणीत कार्डिंग खात्यात कापसाच्या धुरळ्यात उभा राहिला, गिरणी बंद पडल्यावर रे रोडला लाकडाच्या वखारीत गेला. कापूस संपला तर भुसा. छातीची पार चाळण झाली होती. पोरगी नर्सिंगला लागली त्या दिवशी त्याने तिला सेकंदकाट्याचं घड्याळ आणून दिलं, चाळीतल्या प्रत्येक दारात सांगून आला, "आमची प्रिती सिस्टर होणार."

आणि पहिल्या दिवसापासून तो तिचा पेशंट. ती संध्याकाळी आली की खाटेवर पाठ टेकून मनगट पुढे करायचा. मोजून झालं की विचारायचा, "किती?"

"सव्वीस, अप्पा."

"काल पंचवीस होते. आईच्या मिरचीने वाढला बघ एक." असं रोज. घरात मात्र तिने कधी खोटा आकडा सांगितला नव्हता. तिसऱ्या रकान्यातली ती एकच खरी जागा होती.

सरावाच्या खोलीतल्या त्या दिवसानंतर तिने घरीही मोजलं. वीस. दुसऱ्या दिवशी, वीस. भिवा खूष झाला. "बघ गं कांता, पोरीच्या हाताचा गुण! वीसवर आलो!" आणि तो खोकत खोकत हसला.

खरं सांगायचं तर न मोजता बघितलं की प्रितीला धास्ती वाटायची. खांदे वर चढतायत, बोलताना मध्येच थांबतोय, जिना चढला की दाराची चौकट धरून उभा राहतोय. पण घड्याळ वर धरलं की बाप असा शांत, असा झोपलेल्या लेकरासारखा श्वास घ्यायचा की तिची काळजी मिटून जायची. आणि मिटलेली काळजी पुन्हा उघडायला जिवावर येतं हो माणसाच्या.

रविवारी कांता दाणे भाजून परातीत सोलत बसली होती. घड्याळ तिला वाचता येत नसे. प्रितीला एकदम सुचलं. ती म्हणाली, "आई, एक काम कर. मी 'सुरू' म्हटलं की अप्पांकडे बघ. त्यांनी एक श्वास घेतला की एक दाणा ताटलीत टाक. मी 'बस' म्हणेपर्यंत."

"हा काय नवा खेळ?" भिवा म्हणाला.

"सुरू."

कांताच्या बोटांतून दाणे पडू लागले. टप टप टप. प्रिती बापाकडे बघत होती. शांत छाती. तीन सेकंदांना एक. दाण्यांचा आवाज मात्र तिच्याशी जुळत नव्हता, तो भरभर पुढे चालला होता. "बस."

ताटलीत अडतीस दाणे होते. तिने दोनदा मोजले.

"नीट टाकलेस ना, आई?"

"डोळे फुटलेत काय माझे?" कांताचा आवाज चढला आणि मग चिरकला. "तुला दिसत नाही? भात्यासारखा चाललाय तो. चार दिवस सांगतेय, बघ म्हणून, तर तू वीस वीस करतेस!"

६

भिवाला तिने त्याच दिवशी आपल्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरने मोजले, चाळीस. पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात खाट मिळाली, भिंतीतल्या ऑक्सिजनच्या पॉइंटला मास्क जोडला. दोन खाटांना मिळून एक पॉइंट, तो आज भिवाच्या वाट्याला आला. बोटाला लावायचं मशीन वॉर्डात एक होतं, ते आयसीयूवाले घेऊन गेले होते. चार्टवरचा आकडाच काय तो आधार.

सोमवारी सकाळी प्रिती कॉलेजच्या तासाला जायच्या आधी त्याच्याजवळ गेली. त्याने मास्क बाजूला करून मनगट पुढे केलं. "किती?"

"आज मी नाही मोजणार, अप्पा. मनवा मोजेल."

"का गं? तूच मोज की." त्याचं तोंड लहान मुलासारखं झालं. "तू वीस म्हणालीस की मला खरंच बरं वाटतं."

प्रितीने त्याचं मनगट दोन्ही हातांत घेतलं, डोळे मिटले. "बरं वाटेल अप्पा. लवकर वाटेल."

मनवाची सकाळपाळी तिथेच होती. प्रितीने तिचे अक्षरशः पाय धरले. "खोटं लिहू नकोस. यांचं तरी खरं मोज." मनवाने दर तासाला मोजलं. छत्तीस. चौतीस. बत्तीस. "उतरतंय गं, ऑक्सिजन लागू पडतोय," ती म्हणाली. दोनला पाळी बदलली. प्रितीची दुपारपाळी होती, ती आपल्या वॉर्डात टीपीआरला अडकली होती. बेचाळीस पेशंट, दोन बेशुद्ध, एकीला रक्त चालू. ती सारखी घड्याळ बघत होती. पावणेतीनला ती जवळजवळ पळतच पुरुषांच्या वॉर्डात शिरली.

भिवाचा मास्क खाटेच्या कठड्याला लटकत होता. नळी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला जोडलेली होती. भिवा डोळे मिटून पडला होता, शांत, आणि त्याची छाती अगदी संथपणे वर जात होती, खाली येत होती. क्षणभर, अगदी क्षणभर, तिला बरं वाटलं.

मग तिने नखं बघितली. निळी पडली होती ती. ओठही.

चार्टवर दोन वाजताची ओळ होती, वळणदार अक्षरात. ताप, नाडी आणि तिसऱ्या रकान्यात वीस. त्याखाली वैभव सरांच्या अक्षरात: सुधारणा आहे, ऑक्सिजन काढावा.

स्पृहा सलाईनची बाटली घेऊन येत होती. प्रितीचा चेहरा बघून ती जागीच थांबली.

"हे तू मोजलंस?"

"दीदी, चव्वेचाळीस पेशंट आहेत. मी एकटीच…" स्पृहाने बाटली छातीशी धरली. "तुम्हीच सांगितलं होतंत ना? पहिल्या दिवशी. वीस लिही म्हणून."

  "सर!" प्रिती किंचाळली, "सर, इकडे या!"

७

तीन वाजून वीस मिनिटांनी वैभव सरांनी कानातली नळी काढली. "सॉरी, सिस्टर," ते म्हणाले. त्यांनी तिला पहिल्यांदाच सिस्टर म्हटलं होतं. वॉर्डबॉय मामांनी खाटेभोवती पडदा ओढला.

"थांबा सर. चालू आहे अजून."

त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, थोडं थांबले आणि गेले. पडद्याच्या आत प्रिती आणि तिचा बाप असे दोघेच उरले.

तिने मनगट धरलं. नाडी नव्हती. हात अलगद त्याच्याच छातीवर ठेवला, मॅडमनी शिकवलं होतं तसा, त्याला कळू न देता. त्याने आणून दिलेल्या घड्याळाचा काटा बारावर येऊ दिला. एक. हात वर गेला. दोन. तीन. बाहेर कोणीतरी ढकलगाडी नेत होतं, कोणीतरी चहा मागत होतं. इथे मात्र सगळं किती नीट चाललं होतं! एकोणीस. वीस. ती पुन्हा एकपासून सुरू झाली. किती मिनिटं गेली कोण जाणे.

पडदा सरकला. नलू सिस्टर आत आली.

"हात सोड, प्रिती."

"सिस्टर, श्वास आहे."

"माहीत आहे."

"तुम्ही बघा ना. एकदा बघा. माझ्या अप्पांना बघा हो."

नलू सिस्टरने आधी नखांकडे बघितलं, सवयीने. मग तिची नजर हळूहळू वर आली आणि भिवाच्या छातीवर थांबली. तिचे ओठ हलू लागले. पूर्ण एक मिनिट हलत होते. प्रितीने तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"वीस," ती म्हणाली. "एकोणतीस वर्षं झाली मला. एक बाळंतीण होती गं, बावीस वर्षांची." तिने पदराच्या पिनेशी चाळा केला. "हे थांबत नाही. आपणच थांबायचं असतं. सोड आता."

तिने एकेक करून प्रितीची बोटं सोडवली. चादर वर ओढायला हात लावला, पण प्रितीने मान हलवली म्हणून गळ्यापर्यंतच ठेवली आणि ती बाहेर गेली.

चारची भेटीची घंटा झाली. माणसं आत आली आणि त्यांच्यात कांता, हातात डबा, जिना चढून धापा टाकत. मुलीला पडद्याबाहेर उभी बघून ती लांबूनच म्हणाली, "किती?"

वाईट बातमी कशी सांगावी यावर प्रितीने एक अख्खा धडा लिहून काढला होता. आधी बसवावं, हात धरावा, स्पष्ट शब्द वापरावेत. तिने तोंड उघडलं.

"वीस, आई."

कांताच्या खांद्यांवरचं सगळं ओझं उतरलं. "उतरला! बाई गं, उतरला म्हण की!" तिने डोळे पुसले, हसली. मग कनवटीची प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिची गाठ सोडू लागली. "तरी पण एकदा दाण्यांवर बघूया हां. तुझ्या त्या घड्याळावर माझा विश्वास नाही राहिला."

"आई, थांब…"

ती थांबली नाही. पडदा बाजूला करून आत गेली, स्टुलावर बसली. नवरा गळ्यापर्यंत चादर घेऊन पडला होता, तोंडावर मास्क नव्हता, झोपलाय तर झोपू दे म्हणून तिने त्याला हाक मारली नाही. डब्याचं झाकण तिने मांडीवर उपडं ठेवलं, चिमटीत एक दाणा धरला आणि त्याच्या छातीकडे बघू लागली.

"सांग गं, सुरू," ती म्हणाली.

 प्रितीसमोर ती चादर वर जात होती, खाली येत होती, वर जात होती. आईचे डोळे तिथेच लागले होते. खूप वेळ झाला तरी पहिला दाणा तिच्या चिमटीतच होता.